भाव कोणाच्या हातीं, तोटा कोणाच्या माथीं?

पेरणी जवळ आली कीं गांवोगांव एकच प्रश्न ऐकूं येतो. चावडीवर, पिठाच्या गिरणीपाशीं, एस.टी.च्या थांब्यावर जो तो दुसऱ्यास विचारतो, "यंदा काय लावावें? कशाला भाव येईल?" कोणी कांदा म्हणतो, कोणी टोमॅटो म्हणतो, कोणी शेजारच्या तालुक्यांतल्या पाहुण्याचा दाखला देतो. मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या सल्ल्यानें अर्धा गांव एकच पीक लावतो. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं हा प्रश्नच चुकीचा आहे. उद्यांचा भाव काय निघेल हें पुण्याच्या मार्केट यार्डांत जन्म घालविलेल्या अडत्यालाही सांगतां येत नाहीं. तें चावडीवर कोठून कळणार? शेतकऱ्यानें स्वतःला विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. भाव पडला तर माझें घर उभें राहील काय? या एका प्रश्नाचें उत्तर ज्याच्याजवळ आहे, त्यानें खुशाल कोणतेंही पीक लावावें. ज्याच्याजवळ तें नाहीं, त्यानें भाव चढल्याचा आनंदही बेतानेंच मानावा.

काळ किती वेगानें फिरतो आहे हें पाहावयास फार दूर जाण्याचें कारण नाहीं. गुलटेकडीच्या यार्डावर गेल्या दहा वर्षांत काय काय येऊन गेलें, त्याची नुसती यादी केली तरी छाती दडपते. जुलै २०१६ मध्यें राज्य सरकारनें फळें व भाजीपाला यांची यार्डाबाहेरची विक्री बाजार समितीच्या बंधनांतून मोकळी केली, आणि अडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असें ठरविलें. त्यावर व्यापाऱ्यांनीं बाजार बंद ठेवले. त्याच सालीं ८ नोव्हेंबरच्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि रोखीवर चालणारा भाजीचा धंदा गळाठला. एप्रिल २०२० मध्यें महामारीमुळें भाजीपाल्याचा बाजार कित्येक आठवडे बंद पडला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत केंद्र सरकारनें शेतमालाच्या व्यापाराचे नवे कायदे केले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्यें तेच कायदे मागें घेतले. जुलै २०२२ मध्यें २५ किलोपर्यंतच्या छापील व बांधीव धान्यावर, डाळींवर व पिठावर ५ टक्के जीएसटी लागला, आणि भुसार बाजाराचा हिशेब नव्यानें मांडावा लागला.

कांद्याची गोष्ट तर सर्वांच्या अंगावरून गेली आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें निर्यातीवर ४० टक्के कर बसला. ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ रोजीं ती अटी घालून उघडली, आणि कर पुरता उठला तो १ एप्रिल २०२५ रोजीं. रोप टाकल्यापासून माल बाजारांत जाईपर्यंत जे महिने जातात, तेवढ्यांत नियम एकदां तरी पालटणार, असें धरूनच शेतकऱ्यास चालावें लागलें. टोमॅटोचेंही तेंच. २०२३ सालच्या उन्हाळ्यांत तोडणीची मजुरी सुटेना म्हणून लोकांनीं टोमॅटो फेकून दिला; जुलैंत नारायणगांवच्या बाजारांत वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांहून अधिक भाव निघाला; आणि दोन महिन्यांत तोच माल पुन्हां मातीमोल झाला. यांतील बहुतेक गोष्टींची वर्दी शेतकऱ्यास पेरणीपूर्वीं कोणींही दिली नव्हती.

कोणी म्हणेल, आमच्या वाडवडिलांचे दिवस स्थिर होते, हें संकट नवें आहे. तसें मुळींच नाहीं. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी सुरू झाली. तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबई इलाख्यांत पैसा खेळूं लागला, सावकारांनींही हात सैल सोडला, आणि कुणब्याला कर्ज सहज मिळूं लागलें. १८६५ सालीं तें युद्ध थांबलें. भाव कोसळले, कर्जाचा आंकडा मात्र कोसळला नाहीं. पुढें व्याज वाढत गेलें, सरकारनें शेतसारा वाढविला, आणि सावकारांनीं हात आंखडला. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं लोक उठले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांतले रोखे जाळले. तें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरलें, आणि १८७९ सालीं सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं खास कायदा करावा लागला. या दंग्याचीं कारणें अनेक होतीं. पण आमच्या विषयापुरता धडा एकच आहे. चढत्या भावाच्या भरवशावर काढलेलें कर्ज पडत्या भावांत फेडावें लागतें. दीडशें वर्षांपूर्वीं रोख्यावर अंगठा उठविणाऱ्या कुणब्याला हें कोणीं सांगितलें नाहीं. आज सही करणाऱ्या त्याच्या पणतूला तरी तें कळावयास हवें.

आम्ही मास्तर लोक. गणित मांडल्यावांचून आमचें समाधान होत नाहीं. समजा, एका गांवांत दोन घरें आहेत, आणि प्रत्येकाजवळ एक लाख रुपयांची पुंजी आहे. पहिलें घर दर हंगामीं सगळी पुंजी एकाच पिकावर लावतें. पहिल्या हंगामीं लावलेल्या पैशाचे दुप्पट झाले, दुसऱ्या हंगामींही दुप्पट झाले. एक लाखाचे चार लाख झाले. गांवांत वाहवा झाली, दारीं नवी मोटारसायकल उधारीवर आली. तिसऱ्या हंगामीं भाव पडला आणि लावलेलें सर्व बुडालें. हातीं राहिलें शून्य, वर मोटारसायकलचे हप्ते. दुसऱ्या घरानें दर हंगामीं अर्धीच पुंजी लावली व अर्धी राखून ठेवली. पहिल्या हंगामाअखेर त्याचे दीड लाख झाले. दुसऱ्या अखेर सव्वादोन लाख. तिसऱ्या हंगामीं भाव त्याच्याही मालाचा पडला आणि लावलेला अर्धा वांटा बुडाला. तरी घरांत १,१२,५०० रुपये शिल्लक राहिले. दोघांना पाऊस सारखा, भाव सारखा, कष्टही सारखेच. दोन वर्षें पहिला शहाणा ठरला आणि दुसरा भित्रा ठरला. पण शून्याला शंभरानें गुणलें तरी शून्यच येतें, हें आमच्या शाळेंतलें चौथीचें पोर सांगेल. ज्याच्या हातीं कांहीं तरी उरलें, त्याच्याचसाठीं चौथा हंगाम उगवतो.

आतां यार्डांतल्या गाळ्याकडे पाहा. कांदा दहा रुपयांनीं जावो कीं पन्नास रुपयांनीं, अडत्याला प्रत्येक व्यवहारामागें त्याची अडत मिळते. त्याच्या गाळ्यावर एका पहांटेंत जुन्नरचा, खेडचा, पुरंदरचा, बारामतीचा माल उतरतो. एकाचा माल भिजला तर दहाजणांचा कोरडा असतो. उधारी बुडण्याची जोखीम त्याच्याही माथीं आहे. ती आम्ही नाकारीत नाहीं. पण सारें भांडवल एका पावसावर आणि एका दिवसाच्या भावावर तो कधींही लावीत नाहीं. शेतकरी मात्र रान, पाणी, उसनवारी, बायकोचा दागिना आणि घरच्या चार माणसांचे चार महिन्यांचे कष्ट एका गाडींत भरून आणतो, आणि सगळ्याचा निकाल घटकाभरांत लागतो. भाव ठरविणें दोघांच्याही हातीं नाहीं; फरक आहे तो तोट्याच्या वांटणींत. अडत्याचा तोटा शंभर ठिकाणीं वांटलेला असतो, आमचा एकाच डोक्यावर पडतो. अडत्यावर तोंडसुख घेण्याआधीं त्याची ही अक्कल आपण उचलावी हें बरें.

ही अक्कल आमच्या समाजाला परकी नाहीं. जोतीराव फुले यांचें घराणें फुलांच्या धंद्यांतलें. खुद्द जोतीरावांनीं बांधकामाचे ठेके घेतले, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला माल पुरविला, मांजरीस शेती केली, आणि भाजीपाल्याच्या व्यापारांतही लक्ष घातलें. एकाच धंद्याच्या खुंट्याला त्यांनीं स्वतःला बांधून घेतलें नाहीं. समाजाचें काम करणाऱ्याला कोणाचें मिंधें राहून चालत नाहीं, आणि ज्याच्या चुलीला एकच लांकूड आहे तो आज ना उद्यां मिंधा होतोच.

मग करावें काय? आमच्या अल्प बुद्धीला सुचतें तें मांडतों.

सर्वांत आधीं हद्द आंखावी. बांध जसा रानाला असतो तसा जोखमीलाही असावा. जमीन, राहतें घर, पुढच्या हंगामाचें बियाणें आणि मुलांच्या शाळेचा पैसा या चार गोष्टी कोणत्याही भावाच्या आशेनें पणाला लावूं नयेत. भाव कितीही चढलेला असो, घरांतल्या सर्वांनीं बसून आधींच ठरवावें कीं या हंगामीं बुडाले तरी चालतील असे पैसे किती. तेवढेच नव्या किंवा अस्थिर पिकावर लावावेत. बाकीच्या रानांत ज्वारी, बाजरी, कडधान्य, चारा असें कांहीं असावें, ज्यानें लखपती होतां येत नाहीं पण माणसें व जनावरें उपाशी राहत नाहींत. दोन म्हशी किंवा चार शेळ्या हीसुद्धां एक ठेवच आहे.

त्यानंतर हिशेब. यार्डांत माल विकल्यावर अडत्या पट्टी देतो. किती जणांच्या घरीं मागच्या तीन वर्षांच्या पट्ट्या जपून ठेवलेल्या सांपडतील? शर्टाच्या खिशांत पट्टी धुतली जाते, आणि मग "मागच्या वर्षीं बरे पैसे झाले होते" एवढीच आठवण राहते. नांगरट, बी, खत, औषध, पाणी, मजुरी, घरच्या माणसांची मजुरी, क्रेट, गाडीभाडें, हमाली हें सर्व मांडून एक किलो माल बाजारांत उभा करण्यास किती रुपये पडले हें ज्यानें काढलें नाहीं, त्याला नफा झाला कीं तोटा हें देवालाही सांगतां येणार नाहीं. जोतीराव नगरपालिकेंत असतां पुण्याच्या मंडईच्या मोठ्या इमारतीवरील खर्चास त्यांनीं विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे जावा असें त्यांचें म्हणणें होतें. ती मंडई १८८६ सालीं उघडली आणि पुढें तिला त्यांचेंच नांव मिळालें. इमारत झाली, नांवही झालें. शेतकऱ्याच्या घरांतला हिशेब मात्र अजून व्हावयाचा आहे. घरांतली दहावी झालेली मुलगी किंवा सून हें काम उत्तम करील. तिच्या हातीं वही द्या, आणि तिनें 'हें पीक परवडत नाहीं' असें म्हटलें तर तें ऐका.

तिसरी गोष्ट थांबण्याची ताकद. काढणीच्या दिवसांत सर्वांचा माल एकदम येतो आणि भाव पडतो, हें नवें नाहीं. पण उधारीवाला दारांत उभा असतो, म्हणून विकावें लागतें. यासाठीं महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळानें १९९०-९१ पासून शेतमाल तारण कर्ज योजना चालविली आहे. या मंडळाची कचेरी गुलटेकडीच्या यार्डांतच आहे. सोयाबीन, तूर, हरभरा, मूग अशा मालाला, तो बाजार समितीच्या गोदामांत ठेवल्यावर, किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांसाठीं ६ टक्के व्याजानें मिळतें. ज्या समितींत ही योजना चालू आहे तेथें तिचा लाभ घ्यावा, आणि जेथें नाहीं तेथें ती कां नाहीं असें संचालकांस विचारावें. मतें मागावयास ते आपल्या दारीं येतातच. मात्र थांबणें हें प्रत्येक मालाचें औषध नव्हे. कडधान्य थांबतें, उन्हाळी कांदा चाळींत कांहीं महिने थांबतो, पण पुरंदरचें अंजीर पहांटे तोडलें तें संध्याकाळीं नरमतें. २०१६ सालीं त्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालें, तरी त्याचा नाशिवंतपणा कांहीं गेला नाहीं. म्हणून ज्याचा माल थांबत नाहीं त्यानें गिऱ्हाइकें आधीं बांधावीं, आणि ज्याचा थांबतो त्यानें गोदाम आधीं पाहावें.

चौथी गोष्ट दारांची. एप्रिल २०२० मध्यें यार्डाचें दार लागलें, तेव्हां ज्यांना दुसरें दारच ठाऊक नव्हतें त्यांचा माल रानांत सडला. ज्या शेतकरी गटांची पुण्यांतल्या सोसायट्यांशीं ओळख होती, त्यांनीं पिशव्या भरून थेट घरोघर भाजी पोहोंचविली. यार्ड आपलें आहे, तें सोडावें असें आम्ही म्हणत नाहीं. उघड्या लिलावांत चार बोली लागतात हा त्याचा गुण आहे. पण पांच गाड्यांपैकीं एक तरी आठवडे बाजारांत, एखादी गटाकडे, अशी संवय असावी. आजकाल मोबाईलवर मागणी घेऊन घटकाभरांत भाजी घरीं पोहोंचविणाऱ्या कंपन्या आल्या आहेत. त्यांनाही माल द्यावा. मात्र ती कंपनी मोठी आहे म्हणून सगळा माल तिलाच बांधून देऊं नये. आज नेमानें घेणारी कंपनी उद्यां पसंती बदलील, किंवा कचेरीला कुलूप लावील. एका अडत्याच्या जागीं एक कंपनी आली, तर खुंटा बदलला एवढेंच, दावें कायमच.

कारागीर बंधूंना वाटेल कीं हें सर्व शेतकऱ्यांपुरतें आहे. तसें नाहीं. एके काळीं भाजीपाला बांबूच्या पाट्यांतून व करंड्यांतून बाजारांत येई, आणि त्यावर बुरुडाचें घर चाले. प्लॅस्टिकचें क्रेट आलें आणि तें गिऱ्हाईक गेलें. ज्यानें 'मी पाट्याच करणार' असा हट्ट धरला तो बसला. ज्यानें ओळखलें कीं आपली पुंजी बांबू चिरणाऱ्या हातांत आहे, तो सूप, झांप, शोभेची टोपली, मांडवाचें काम याकडे वळला. कसब्यांतल्या तांबट आळीनें हेंच पाहिलें. स्टीलच्या भांड्यांनीं तांब्याचे हंडे-बंब घरांतून घालविले. तेव्हां त्याच ठोक्याच्या कामानें दिवे, ताटल्या व शोभेच्या वस्तू घडविणारे कारागीर टिकले. वस्तूला वय असतें, हुन्नराला तेवढें नसतें. मुलाला हुन्नर शिकवावा, आणि एकाच वस्तूचा मोह शिकवूं नये.

इतकें वाचून एखादा दोन एकरांचा धनी म्हणेल, "मास्तर, वांटायला माझ्यापाशीं आहे काय? अर्धी पुंजी राखा म्हणतां. माझी पुंजीच उधारीची!" हा प्रश्न खरा आहे, आणि तो टाळून जो उपदेश करील तो ढोंगी. एकट्या लहान घराला तोटा वांटतां येत नाहीं. तो दहा घरांनीं मिळूनच वांटावा लागतो. याचा दाखला त्याच यार्डांत पाठीवर पोतें घेऊन उभा आहे. हमालाइतका भांडवलावांचूनचा माणूस दुसरा कोण? पाठ दुखली कीं चूल बंद. १९५० च्या दशकांत बाबा आढाव यांनीं पुण्यांत हमाल पंचायत उभी केली. हमालांनीं एकी केली, झगडले, आणि १९६९ सालीं माथाडी व हमाल कामगारांचा कायदा झाला. मजुरी मंडळामार्फत मिळूं लागली, तिच्यावर लेव्ही बसली, आणि तींतून भविष्यनिर्वाह निधी व इतर सोयी झाल्या. स्वस्त जेवणासाठीं पंचायतीनें 'कष्टाची भाकर' चालविली. ज्यांच्याजवळ एक पोतेंही स्वतःचें नव्हतें, त्यांनीं एका दिवसाचा तोटा हजारों पाठींवर वांटण्याची युक्ति काढली. मग ज्यांचीं पोतीं आहेत त्यांना तें कां जमूं नये? गटानें खतें घेणें, एकत्र गाडी करणें, एका गांवांत पिकें व लावणीचे आठवडे वांटून घेणें, गटाच्या पेटींत दर पट्टीमागें थोडी रक्कम टाकणें, एवढ्यापासून आरंभ करतां येतो. त्यासाठीं कोणाच्या उद्घाटनाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.

सरकारासही दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. पाऊस कोणाला विचारून पडत नाहीं. पण निर्यातबंदीचा हुकूम पाऊस नव्हे. तो माणसांनीं काढलेला असतो. शहरांतल्या गिऱ्हाइकाला कांदा परवडावा हें आम्हांसही मान्य आहे, कारण तेथील मजूर आमचाच भाऊ आहे. पण त्याची किंमत एका रात्रींत शेतकऱ्याच्या खिशांतून काढूं नये. आयात-निर्यातीचा नियम बदलावयाचा तर तो पेरणीपूर्वीं जाहीर करावा, आणि हंगामाच्या मध्यें बदलणें भागच पडलें तर ज्याचें नुकसान झालें त्याची भरपाई करावी. शेतकऱ्यानें आपली जोखीम आपण सांभाळावी असा उपदेश करण्याचा अधिकार त्यालाच, जो स्वतः नवी जोखीम त्याच्या माथीं मारीत नाहीं.

तरी हुकूम सुधारेपर्यंत आपण हात बांधून बसूं नये. शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, येत्या पेरणीपूर्वीं एका संध्याकाळीं घरांतल्या सर्वांनीं कंदिलाखालीं म्हणा, दिव्याखालीं म्हणा, एकत्र बसा. मुलाच्या वहीचें एक पान घ्या आणि त्यावर तीन आंकडे लिहा. एक किलो मालाला आपला खर्च किती पडतो. या हंगामीं किती बुडालें तरी घर चालेल. आणि नेहमीचा खरेदीदार उद्यां आला नाहीं तर माल घेणारे दुसरे दोघे कोण. तिसऱ्या ओळींत नांवें सुचलीं नाहींत तर बियाण्याच्या दुकानांत जाण्यापूर्वीं तीं शोधून काढा. तें पान भिंतीवर लावा, आणि चावडीवर कोणी पुन्हां "यंदा कशाला भाव येईल?" असें विचारलें, तर त्याला घरीं बोलावून तें दाखवा.